सव्वीस तासांचे लंडन

(बी.ए. द्वितीय वर्ष)

विमानात काम करणाऱ्या मुलामुलींविषयी आपल्या भागात दोन समजुती पक्क्या आहेत. एक म्हणजे, त्यांचे काम हसतमुखाने चहा देण्याचे. दुसरी, त्यांना सारे जग फुकट पाहायला मिळते. पहिली समजूत हिंदी चित्रपटांनी करून दिली. दुसरी मात्र या नोकरीची तयारी करून घेणाऱ्या खासगी क्लासांनी मोठ्या कष्टाने जोपासली आहे. 'पगार घेऊन जग पाहा' अशा मजकुराचे एक पत्रक यंदा आपल्या वर्गातही हातोहात फिरले. मागे आयफेल टॉवर, पुढे निळ्या गणवेशातील तरुणी आणि तळाशी फी हप्त्याने भरण्याची सोय. आमच्यापैकी तिघींनी ते घडी करून वहीत ठेवले. त्या तिघींतील एक मी.

त्या पत्रकातील जग खरोखर किती पाहायला मिळते, कोणाला मिळते आणि ते पाहण्याची रीत काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. माहिती दोन ठिकाणांहून मिळाली. माझी आतेबहीण गेली चार वर्षे एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून काम करते; दिवाळीत ती आली की आम्ही रात्र रात्र बोलतो. दुसरे माझे वडील. ते एस.टी.त वाहक आहेत. विमान त्यांनी आकाशातच पाहिलेले. परंतु ताईच्या नोकरीतील खाचाखोचा त्यांना माझ्या आधी समजतात. याचे मला प्रथम नवल वाटे. आता वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

एस.टी.च्या भाषेत 'रात्रवस्ती' असा एक शब्द आहे. संध्याकाळी निघालेली गाडी शेवटच्या गावी पोचते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे दुधाचे कॅन, शाळकरी मुले व कोर्टकचेरीला निघालेली माणसे घेऊन परतते. या मुक्कामाबद्दल चालक-वाहकाला रात्रवस्तीचा भत्ता मिळतो. विमानवाले ज्याला 'लेओव्हर' म्हणतात ती हीच रात्रवस्ती. कामावर असताना घरापासून दूर, पुढची पाळी सुरू होईपर्यंत काढायचे ते तास. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की एस.टी.च्या वस्तीत गाडीही थांबते आणि माणसेही थांबतात. विमान थांबत नाही. ते उभे राहिले की कंपनीचे नुकसान होते, म्हणून मुंबईहून लंडनला उतरलेले विमान दोन-तीन तासांत साफसफाई व इंधन उरकून दुसऱ्या कर्मचाऱ्यांसह परत निघते. मागे राहतात ती त्याला घेऊन आलेली माणसे. यंत्र थकत नाही, माणूस थकतो, म्हणून लेओव्हर असतो. पर्यटनासाठी तो कोणीही निर्माण केलेला नाही.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून आपल्या नगरला (आता अहिल्यानगर) धावली ती १ जून १९४८ रोजी. तिचे वाहक लक्ष्मण केवटे यांचे नाव एस.टी.तील लोक आजही आदराने घेतात. आणि एअर इंडियाचे परदेशी जाणारे पहिले विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले ते ८ जून १९४८ रोजी. बरोबर एका आठवड्याचे अंतर! नगरची गाडी रोजची झाली. लंडनचे विमान सुरुवातीला आठवड्यातून एकदाच असे. सेवा विरळ असेल तेथे मुक्काम लांबतो, सेवा वाढली की तो आखडतो. हे वडिलांना सांगावे लागले नाही. ज्या गावाला दिवसातून एकच गाडी, तेथील वस्तीत गाव पाहून होते, आणि ज्या मार्गावर तासाला गाडी, तेथे स्थानकाबाहेरचा चहासुद्धा घाईत, असा त्यांचा अनुभव आहे.

आता पहिली निराशा. विमानातील बहुसंख्य कामाला वस्ती नसतेच. ताई याला 'टर्नअराउंड' म्हणते, आपण 'उलटपावली' म्हणू. मुंबईहून दुबई तीन-सव्वातीन तासांची. जाणे, तासाभराचा थांबा आणि येणे मिळून हे एका पाळीचे काम होते. मग कर्मचाऱ्यांना तेथे ठेवण्याचे कारण काय? ताई दुबईला किती वेळा गेली याची मोजदाद तिने सोडून दिली आहे. पण पहिली दोन वर्षे तिने पाहिलेली दुबई म्हणजे विमानाच्या उघड्या दारातून दिसणारा सिमेंटचा पट्टा, सामानाच्या गाड्या आणि रात्री दोन वाजताही अंगावर येणारी गरम हवा. देशांतर्गत उड्डाणांत तर एकाच दिवशी तीन-चार शहरांत उतरणे होते आणि एकाही शहराच्या मातीला पाय लागत नाही. नकाशावर टाचण्या लावणाऱ्यांच्या हिशेबाने ती खूप फिरलेली आहे. आत्याबाई मात्र म्हणतात, "आमची पोरगी खिडकीतून गावं मोजती."

लंडनची गोष्ट वेगळी. नऊ-दहा तासांचे उड्डाण, वर विमानतळावरील हजेरी व तयारी. एवढ्या कामानंतर त्याच माणसांना लगेच परत पाठवता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे याबाबत नियम आहेत. त्यांचे तत्त्व असे की जितके तास काम झाले निदान तितकी तरी विश्रांती मिळाली पाहिजे, आणि दोन्ही गावांच्या घड्याळांत अंतर फार असेल तर ती आणखी वाढली पाहिजे. या विश्रांतीच्या तासांतूनच जगदर्शनाचा वेळ काढावा लागतो. समजा, हिवाळ्यात विमान लंडनला सकाळी सात वाजता उतरले आणि परतीचे उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचे आहे. म्हणजे मुक्काम सव्वीस तासांचा. ऐकायला भरपूर वाटतो. आता त्याचा जमाखर्च पाहू.

लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते. याचे कारण शाळेत पाठ केलेले असते, पण उपयोग कधी पडत नाही. लंडनमधील ग्रीनिच येथून शून्य रेखांश जातो, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेची, आणि पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. भागाकार करून पाहावा, बरोबर साडेपाच येतात. (उन्हाळ्यात तेथील लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.) लंडनला सकाळचे सात म्हणजे शरीराच्या हिशेबाने दुपारचे साडेबारा. विमान मुंबईहून पहाटे अडीचला सुटले होते, घरून निघणे आदल्या रात्रीच झाले होते, म्हणजे मधल्या रात्रीची झोप नाही. तपासणी उरकून, कंपनीच्या गाडीने हॉटेलवर पोचेपर्यंत साडेआठ. अंथरुणाला पाठ लागली की एक वाजेपर्यंत जाग येत नाही. स्नान, चार घास आणि बाहेर पडेपर्यंत दोन. हॉटेल बहुधा विमानतळाजवळ, शहराच्या मध्याला जायला रेल्वेने तास. वाजले तीन. डिसेंबरात तेथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बहुतेक संग्रहालये पाच-साडेपाचला बंद होतात. पाचला परत फिरावे, साडेसहाला खोलीवर यावे, आठच्या आत झोपावे. कारण आठ म्हणजे आपले दीड, आणि पहाटे साडेपाचला उठून सातला गाडीत बसायचे असते.

सव्वीस तासांतून हाती आले ते तीन ते पाच. दोन तास!

हे गणित मी वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग दोन तास काय कमी आहेत? मी पंढरपूर चाळीस मिनिटांत केलंय." आणि येथे मला या विषयाची खरी गुरुकिल्ली सापडली असे वाटते. वडिलांनी महाराष्ट्रातील जवळजवळ सगळी मोठी देवस्थाने पाहिली आहेत, परंतु सुटी काढून, तिकीट काढून असे एकही नाही. सगळी वस्तीच्या गाडीवर असताना पाहिलेली. त्यांचा नियम ठरलेला होता. स्थानकापासून पायी अर्ध्या तासावर जे असेल ते पाहायचे, त्यापलीकडचे नाही. जायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ परतीसाठी हाताशी ठेवायचा. एका मुक्कामात एकच ठिकाण. कोल्हापूरला पहाटे उठून अंबाबाई, परत येऊन वे-बिल घेऊन गाडीवर हजर. पन्हाळा राहिला तो राहिलाच. पंढरपूरला दर्शनाची रांग लांब असेल तर नामदेव पायरीला हात लावायचा, कळसाला हात जोडायचे आणि फिरायचे. आपल्या वारकऱ्यांनी कळसाचे दर्शनही दर्शनच मानले आहे. ज्याने ही सोय लावून ठेवली त्याला आडगावाहून येणाऱ्या, कामाला बांधलेल्या माणसाची अडचण नेमकी कळलेली असली पाहिजे.

ताईचे नियमही शेवटी हेच ठरले, मात्र तिला ते चुकतमाकत शिकावे लागले. नव्या नोकरीत सगळेच जण एका दिवसात चार ठिकाणे करतात. राजवाडा, पूल, मोठे चाक, मेणाचे पुतळे. प्रत्येकाच्या पुढे उभे राहून छायाचित्र. आणि परतीच्या विमानात पाय सुजलेले, डोळ्यांवर झापड. जुने सहकारी हसतात, बोलत नाहीत. सहा महिन्यांत ज्याचे त्याला कळते. मग काहीजण खोलीतून बाहेर पडणेच सोडतात. पडदे ओढून झोपतात, हाही एक मार्ग आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. काहीजण भत्ता वाचवायचा म्हणून निघत नाहीत. परदेशातील एका जेवणाच्या पैशांत घरी आठवड्याचा किराणा येतो हे ज्याला दिसते, त्याला तो खर्च करवत नाही. ताईच्या पेटीत शेंगदाण्याची चटणी, भाजलेला रवा आणि पाणी तापवण्याचे भांडे कायम असते. बाकी उरलेले थोडे लोक एक ठिकाण निवडतात.

निवड कशी करायची याचे दोन-तीन मासले देते. कोलकात्याला रात्री उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचे असेल, तर शहराच्या गर्दीत शिरण्यापेक्षा दक्षिणेश्वर बरे. राणी रासमणीने १८५५ साली बांधलेले हे मंदिर विमानतळाच्याच अंगाला आहे. रामकृष्ण परमहंस येथे पुजारी होते. ऑगस्ट २०२५ पासून विमानतळापर्यंत मेट्रोही झाली आहे. दिल्लीत वस्ती सोमवारी आली तर लाल किल्ल्याकडे फिरकू नये, तो बंद असतो. तसाच शुक्रवारी आग्र्याचा ताजमहाल. हे वार पाठ नसल्यामुळे पुष्कळांचे एकुलते एक दोन तास कुलपापुढे गेले आहेत. दुबईत कधी क्वचित रात्र मिळाली, तर उंच मनोऱ्याच्या तिकिटापेक्षा खाडीवरची नाव पाहावी, असे ताईचे मत आहे. तिला तेथे 'अब्रा' म्हणतात. देरा ते बर दुबई पलीकडे नेण्याचे एक दिरहम. बाकावर दाटीने बसलेले मजूर, हातात डबे. त्यांत मराठीही ऐकू येते.

आणि लंडन. तेथील दोन तासांसाठी ताईने निवडलेले पहिले ठिकाण ब्रिटिश म्युझियम. एक तर प्रवेशाला पैसे नाहीत. दुसरे म्हणजे हीथ्रो विमानतळावरून निघणारी पिकॅडिली मार्गाची गाडी न बदलता जवळपास नेऊन सोडते. तिथे आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची कोरीव शिल्पे आहेत. ती तेथे कशी गेली आणि का, हा वेगळा विषय आहे. इतिहासाच्या सरांनी त्यावर लिहावे अशी माझी विनंती आहे. ताईला मात्र शिल्पांपेक्षा दुसरीच गोष्ट पाहायची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना ज्या वाचनालयात सकाळपासून बसून वाचीत, ते याच इमारतीत होते. अर्धपोटी राहून त्यांनी तेथे केलेला अभ्यास आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेला आहे. ताई म्हणते, "ऐकलेलं खरं असतं, पण तिथे उभं राहिल्यावर किती थंडी असते ते कळतं, मग अर्धपोटी शब्दाचं वजन कळतं."

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहत ते घर लंडनच्या उत्तर भागात आहे, १० किंग हेन्रीज रोड. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे निवासी घराचे संग्रहालय करण्यावरून तेथील नगरपरिषदेशी वाद झाला. २०२० मध्ये तो सुटला. कोणाला कधी जाण्याचा योग आला तर वाट अशी: पिकॅडिली मार्गाने लेस्टर स्क्वेअरपर्यंत यावे, तेथे नॉर्दर्न मार्गाची गाडी धरून चॉक फार्मला उतरावे, पुढे पायी थोडेसे चालावे. घराच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे. मी ही वाट नकाशावर इतक्या वेळा गिरवली आहे की चॉक फार्मच्या जिन्यावरून अंधारातही वर येईन. (विनोद सोडून द्यावा, मी अजून मुंबईही पाहिलेली नाही.)

आता पहिल्या समजुतीकडे वळते, म्हणजे चहाकडे. ती दूर केल्याशिवाय विश्रांतीचा मुद्दा नीट कळणार नाही. स्त्रियांसाठी या कामाची सुरुवातच परिचारिकेने झाली. १९३० साली अमेरिकेत एलेन चर्च नावाच्या परिचारिकेला विमान कंपनीने प्रवाशांच्या देखभालीसाठी घेतले, ती या कामातील जगातील पहिली स्त्री. आजही या कर्मचाऱ्यांना प्रथम जे शिकवतात ते आग विझवणे, प्रथमोपचार आणि दारे उघडणे. मोठ्या विमानाला परवाना मिळण्यासाठी एक कसोटी असते. निम्मी दारे बंद आहेत असे धरून सर्व प्रवासी नव्वद सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. ते काम या 'चहावाल्यां'चे. ५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान कराचीला थांबले असता सशस्त्र अतिरेक्यांनी ते ताब्यात घेतले. तेव्हा नीरजा भनोत हिने वैमानिकांना सावध केले आणि शेवटी दार उघडून प्रवाशांना बाहेर काढता काढता प्राण दिला. तिला तेविसावे वर्ष लागायला दोन दिवस होते, असे नव्हे, पुरे व्हायला दोन दिवस होते. शासनाने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. अशा प्रसंगी ज्याला जागे राहायचे आहे त्याची झोप ही चैनीची बाब राहत नाही. म्हणून ती नियमात लिहिलेली आहे.

मुलींच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे रूढ असलेला 'हवाई सुंदरी' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. तो केवळ शब्द नव्हता, त्याच्या मागे नियम होते. एअर इंडियात पूर्वी या मुलींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करीत. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर त्याआधीच, आणि पहिल्या गरोदरपणातही नोकरी जाई. नर्गेश मिर्झा व इतर सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पस्तिशीनंतर मुदत वाढवण्याचा वरिष्ठांचा मनमानी अधिकारही रद्द केला. चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र त्या वेळी कायम ठेवली. त्या अटी आता इतिहासजमा झाल्या आहेत. घरी जेव्हा "मुलगी रात्री-अपरात्री परमुलखात कुठे राहते?" असा प्रश्न येतो, तेव्हा या स्त्रियांची आठवण सांगावी. उत्तरही सरळ आहे. ती बरोबरच्या कर्मचाऱ्यांसह हॉटेलात राहते, नेणारी-आणणारी गाडी कंपनीची असते, आणि कुठे आहे हे कंपनीला ठाऊक असते. आत्याबाईंना हे पटायला दोन वर्षे लागली, पण पटले.

हा लेख येथेच संपवता आला असता. परंतु आपल्या महाविद्यालयात बसून कामाच्या मुक्कामाविषयी लिहायचे आणि उसाच्या फडाचा उल्लेख करायचा नाही, हे बरोबर होणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातून टोळ्या निघतात. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईने कोल्हापूर जिल्ह्यात सहा हंगाम काढले. वर्षाचे पाच महिने धरले तरी अडीच वर्षे होतात. कोणत्याही पर्यटकाने कोल्हापूरला इतका मुक्काम केला नसेल. मी तिला विचारले, "काकू, कोल्हापुरात काय पाहिलं?" त्या हसल्या. "फड पाहिला, कारखान्याचा काटा पाहिला. अंबाबाई एकदा. गाड्या नंबराला उभ्या होत्या, रात्र जाणार होती, तवा मुकादमानं टेम्पोनं नेलं." म्हणजे उसाची गाडी रांगेत अडकली तो त्यांचा लेओव्हर! सहा हंगामांत एक. कोप्या, पहाटे तीनला उठणे, कोयता, मोळ्या. या दिनक्रमात विश्रांतीचे तास कोणी लिहून ठेवलेले मी तरी ऐकले नाहीत. ताईला लंडनमध्ये मिळणारे दोन तास अपुरे आहेत याची मी वर तक्रारवजा मांडणी केली. पण ते दोन तास कागदावरच्या एका नियमामुळे उरतात. वडिलांच्या रात्रवस्तीलाही भत्ता आहे, वेळापत्रक आहे. काकूंच्या मुक्कामाला फक्त उचल आहे. पाहण्याची हौस तिघांनाही सारखीच आहे. ती अंबाबाईची हकिकत सांगताना काकूंच्या चेहऱ्यावर जे दिसले ते ताईच्या चेहऱ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते.

पत्रकातील क्लासचे काय? आमच्यापैकी एकीच्या भावाने चौकशी केली. फी ऐकून त्यांच्या घरी म्हैस विकण्याची गोष्ट निघाली होती. नोकरीची हमी तोंडी होती, लेखी मागितल्यावर विषय बदलला गेला. ताईचे म्हणणे असे की बारावी उत्तीर्ण असणे, वय, उंची, बोलण्याजोगे इंग्रजी व हिंदी यांवर कंपन्या उमेदवार घेतात आणि निवड झाल्यावर आवश्यक ते प्रशिक्षण कंपनी स्वतः देतेच. बाहेरच्या प्रमाणपत्रावाचून तिची निवड झाली. तिच्या तुकडीत अशा पुष्कळजणी होत्या. क्लासमुळे इंग्रजीचा धीर येत असेल तर तेवढ्यापुरता तो ठीक. पण तो धीर आपल्या वाचनालयात आणि वक्तृत्वाच्या तासाला फुकट मिळतो. कोणी मुलाखतीला गेलेच, तर पगाराबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: महिन्यात उलटपावली किती आणि वस्तीच्या किती? मुंबईला घरभाडे देऊन हातात काय उरते, हा दुसरा. सप्टेंबर २०२२ पासून आष्टीला रेल्वे आली आहे. नगरपर्यंत तिने जावे, पुढे पुण्या-मुंबईला गाड्या आहेत. आमच्यातील तिसरी मुलगी तशी जाणारही आहे. म्हैस गोठ्यातच आहे.

ताई एक लहान वही बाळगते. तारीख, गाव आणि काय पाहिले, एवढेच लिहिते. तिच्या परवानगीने एका महिन्याचे पान उतरवून घेतले आहे. दुबई, उलटपावली. दुबई, उलटपावली. कोलकाता, एक रात्र. दक्षिणेश्वर, नदीचा वारा. दिल्ली, एक रात्र, झोपले. घरी चार दिवस. दुबई, उलटपावली. लंडन, सव्वीस तास. चॉक फार्मला पोचले तेव्हा घर बंद होण्याची वेळ झाली होती, बाहेरून पाटी पाहिली, समोरच्या पायरीवर दहा मिनिटे बसले. पुढच्या खेपेस आधी तेथे, मग झोप.